एका दांडीवर दिवा आणि वारा

१६ मार्च, दारव्हा

ही डायरी वायरच्या डीलरने दिली होती. गल्ल्याखाली पडून होती. आज उघडली, कारण दुपारी दिपालीचा फोन आला आणि फोन ठेवल्यावर ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं. घरात सांगायला कोणी नाही. भागीरथाला जाऊन दोन वर्षं झाली. लेक दिपाली दिवाळीनंतर लग्न होऊन नेरला सासरी गेली. उरलो मी आणि दुकान. दुकानाला सांगून उपयोग नाही, ते माझंच ऐकून मोठं झालं आहे.

फोन असा :

"बा, आईच्या पंख्याचा एक बल्ब गेला."

"मंग रजतरावले सांग, नवा लावतीन."

"त्यायले ते काचेचं फूल खोलता येत नाही. फुटलं तं?"

जावई कॉलेजात शिकवतो. एक काचेचं फूल खोलणं त्याला अवघड नसावं. पण मी वाद घातला नाही. "येतो," म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं, मी येतो म्हणालो खरा, पण मला जाता येत नाही.

आमच्या याडीचा, म्हणजे आईचा, एक नेम होता. लेक दिली की तिला मूल होईपर्यंत बापाने तिच्या दारात पाहुणा म्हणून जायचं नाही, तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. तांड्यावर आमच्या घराण्यात सगळ्यांनी तो पाळला. याडी आता नाही, तांड्याशी माझं नातंही होळीपुरतंच आहे. मी पाळला नाही तर कोणी विचारायला येणार नाही. तरी लग्नापासून मी नेरला पाय ठेवला नाही. आंदणाचं सामान टेम्पोने पाठवलं. पंखासुद्धा तिकडच्याच वायरमनने टांगला.

मग डोकं लावलं. बाप जाऊ शकत नाही. पण पंखे-दिवे दुरुस्त करणारा मिस्त्री जाऊ शकतो. मिस्त्रीला बोलावलं तर नाही म्हणता येत नाही, तो धंद्याचा नेम आहे. माझ्या पोटाला घातलं ते याडीने आधी आणि धंद्याने नंतर, पण जास्त वर्षं धंद्यानेच.

उद्या पहिल्या एसटीने.

१७ मार्च

जाऊन आलो. दोन बल्ब नेले होते, एक लावला, एक परत आणला.

बबनराव राठोड, म्हणजे माझे व्याही, ओसरीत तुरीची पोती मोजत होते. माझ्या हातात हत्यारांची पिशवी पाहून म्हणाले, "इवाई, हे काय? कामावर आलात काय?"

"कामावरच आलो."

पंखा बैठकीत टांगला आहे. काचेची चार फुलं चार दिशांना, प्रत्येकात एक बल्ब, मधे पितळी घुमट. एवढ्या महिन्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि जरा वेळ पिशवी उघडताच आली नाही. दुसऱ्याच्या छताला आपल्या घराचा तुकडा टांगलेला दिसणं वेगळंच असतं. दिपाली स्टूल धरून उभी होती. लहान असतानाही अशीच धरायची, दोन्ही हातांनी, तोंड वर करून.

बल्ब लावला, पेटला. विहीणबाई मैनाबाई म्हणाल्या, "पंखा लावून पाहता काय एकदा?"

"पंखा माह्याच हातचा हाय, त्याले काय पाहाचं."

मग त्यांनी चहा आणला. मी हात जोडले. बाई बशी घेऊन तशीच उभी राहिली. चेहरा पडला होता. म्हणून मी म्हटलं, "बाप म्हणून नाही चालत. मिस्त्री म्हणून देत असाल तं घेतो."

"मंग मिस्त्री म्हणूनच घ्या बापा," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी मिस्त्रीले साखर जास्त असते."

चहा प्यालो. पाणी मात्र माझ्या बाटलीतलं.

२६ मार्च

दुसरा बल्ब गेला. वेगळ्या फुलातला. दिपालीच्या फोनआधीच मी बल्ब घासूनपुसून ठेवला होता, हा योगायोग.

शेजारच्या डोमाजी टेलरने विचारलं, "नेरले पुन्हा?"

"बल्ब गेला."

"अबे लखीराम, मंग एक खोकंच नेऊन ठेव ना तिच्या घरी. पोरगी लावून घेईन."

"खोक्यात पडून बल्ब खराब होते."

डोमाजीने शिलाई मशीनमागून चष्म्याच्या वरून पाहिलं. माझ्या दुकानात बल्ब खोक्यातच असतात, वर्षवर्ष, हे त्याला माहीत आहे. पण तो चांगला माणूस आहे. त्याने पाय चालवला आणि मशीन वाजवत राहिला.

४ एप्रिल

ऊन वाढलं. दुपारी दुकानात चिटपाखरू नाही. आज जुनं आठवत बसलो.

तो पंखा मी घेतला नव्हता, जमवला होता. एका जिनिंगवाल्याच्या बंगल्याचं सामान निघालं होतं. भंगारात हा होता. मोटर जळलेली, फुलांवर बोटभर रुई आणि धूळ. तेव्हा माझं स्वतःचं दुकान नुकतंच झालं होतं. त्याआधीची वर्षं मी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे पंखे भरायला होतो. पंखा भरणं म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं. तो म्हातारा दुरुस्त केलेला पंखा टेबलाला उलटा बांधायचा, चालू करायचा आणि डोळे मिटायचा. "पाह्यू नको," म्हणायचा, "आयक. पंखा खोटं बोलत नाही." माझे कान त्याने घडवले. पुढे दारव्ह्यात लोक म्हणायला लागले, लखीरामच्या दुकानासमोरून बैलगाडी गेली तरी कोणत्या चाकाला वंगण नाही ते तो सांगतो. हे थोडं वाढवून सांगतात. पण थोडंच.

तर पंखा भरला. विकायचा विचार होता. भागीरथाने पोत्यातून एक फूल काढलं, पदराने पुसलं, उजेडाला धरलं. गुलाबी कड होती त्याला. म्हणाली, "हे नाही द्याचं कोणाले."

मी म्हटलं, "अगं, आपल्याले पंख्याची हवा पुरे. दिवे कायले?"

"दिवा न् वारा एका दांडीवर टिकते कसा, ते पाहाचं हाय मले."

टिकला. वीस-पंचवीस वर्षं टिकला. संध्याकाळी चारही दिवे लावून ती त्याच्या खाली भरतकाम घेऊन बसायची. आमच्या बायांचं भरतकाम म्हणजे कापडावर कवड्या आणि आरसे. वर दिवा, वर वारा, आणि मांडीवर आरसे. तिने कापड हलवलं की भिंतीभर उजेडाचे तुकडे पळायचे. दिपाली रांगत रांगत ते पकडायची. हाती काही लागलं नाही म्हणून रडायची. भागीरथा मुद्दाम कापड हलवायची.

दिपालीने लग्नात दुसरं काही मागितलं नाही. फ्रिज, कपाट मी दिलं ते माझ्या हौसेने. पंखा तिने मागून घेतला.

आता दुपारी माझ्या झोपायच्या खोलीत पंखा खटखट करतो. दिपालीच्या लग्नापासून करतो. माझ्याच घरचा पंखा दुरुस्त करायला मला वेळ नाही, न्हाव्याचे केस वाढलेले असतात तसं. आणि खरं सांगायचं तर आवाज असला की घरात कोणीतरी आहे असं वाटतं. त्या आवाजावर झोप लागते.

१२ एप्रिल

नेर. या वेळी दोन बल्ब एकदम. साधे तारेचे बल्ब सोडून एलईडी लावले, छोटे, मेणबत्तीसारखे. घरात सांगितलं की नेरला व्होल्टेजचा घोळ आहे. संध्याकाळी शेतातले पंप बंद झाले की लाइन चढते, बल्ब भडकतो. मीटर लावून दाखवलं. काटा थोडा जास्त होता. बबनरावांना पटलं. मला स्वतःला अर्धं पटलं.

दिपाली वाळली आहे का? की साडीत तशी दिसते? केस आता तिच्या आईसारखे बांधते. विचारलं, "जेवण होते ना बरोबर?" म्हणाली, "तुम्हीच जेवून पाहा ना एक डाव." मी फूल पुसत राहिलो.

निघायच्या आधी मी ओसरीत चपला घालत होतो. स्वयंपाकघरात सासू-सून बोलत होत्या. माझे कान तर कोणी झाकू शकत नाही.

मैनाबाई : "तुह्या बाले सांग, किती चकरा मारतीन उन्हात. त्या पंख्यापायी..."

दिपाली : "राहू द्या ना आई."

मैनाबाई : "पाणीसुद्धा पेत नाही तो माणूस. मले तं..."

तेवढ्यात मिक्सर सुरू झाला. शेंगदाण्याची चटणी असावी, आवाज कोरडा होता. पुढचं ऐकू आलं नाही.

एसटीत पूर्ण रस्ताभर ते वाक्य मीच पुरं करत होतो. मला तर राग येतो. मला तर लाज वाटते. मला तर हा पंखाच नको. कुठलंही जोडलं तरी बसत होतं. चकरा माझ्याच होत्या, पाणी मीच पीत नाही. बाईचं काय चुकलं?

१५ एप्रिल

काल जयंती. डोमाजीकडे पंधरा दिवस पांढऱ्या कपड्यांचा ढीग होता, आज पहिल्यांदा तो मोकळा बसलेला दिसला. खीर आणून दिली. त्याला मिक्सरची गोष्ट सांगितली.

"तू माणूस आहे का मीटर?" म्हणाला. "अर्धं आयकून रीडिंग घेतं."

२७ एप्रिल

एलईडीपण गेला.

दिपालीचा फोन. आवाज खाली होता. बोलताना कोणी शेजारी असलं की ती असं बोलते.

नणंदेला, सलोनीला, पाहायला पाहुणे येणार आहेत. पुढच्या महिन्यात अठरा तारखेला. दिग्रसचे आहेत, शिकलेले लोक. मागच्या आठवड्यात घरी चार माणसं बसली असताना दोन फुलं एकाएकी विझली. कोणीतरी म्हणालं, शकुन बरा नाही. बबनराव शकुन मानत नाहीत, पण पाहुण्यांसमोर तसं नको म्हणतात. त्यांनी नवा पंखा पाहून ठेवला आहे, रिमोटचा. हा उतरवून माळ्यावर ठेवू म्हणतात. जपून ठेवू, असंही म्हणाले.

"तुहं काय म्हणणं?" मी विचारलं.

"माहं काय. घर त्यायचं हाय."

"घर तुहंही हाय."

मग म्हणाली, "बा, माळ्यावर उंदीर लय आहेत. आईच्या फुलायवर पोती ठेवतीन."

मी म्हटलं, अठरा तारखेच्या आत मी पंखा ठीक करून देतो, तोवर कोणी हात लावू नका. ठीक केला नाही तर मी स्वतः उतरवून घेऊन येईन.

बोललो खरं. पण घेऊन आलो तर मग नेरला जायचं कशाने?

हे वाक्य लिहून खोडणार होतो. राहू दिलं.

३० एप्रिल

काही सुचत नाही. होल्डर बदलून पाहीन. तिकडच्या वायरमनने जोड ढिले ठेवले असतील. लोकांच्या कामावर माझा कधी भरवसा नव्हता.

३ मे

नेरला गेलो, चारही होल्डर नवे टाकले. जोड तसे ढिले नव्हते. त्या वायरमनचं काम खरं तर बरं होतं. हे घरात कोणाला बोललो नाही.

मैनाबाईंनी चहाबरोबर शंकरपाळे ठेवले. "मिस्त्रीचे," म्हणाल्या. एक घेतला. चव चांगली होती. दुसरा घ्यावासा वाटला तेवढ्यात पाहिलं की दिपाली दारातून माझ्या हाताकडे पाहते आहे. हात मागे घेतला. ती आत गेली.

६ मे

फोन. एक बल्ब गेला. नव्या होल्डरमध्ये.

डोमाजीला दुकानात बोलावून सगळं सांगितलं, व्होल्टेज, होल्डर, एलईडी. तो टेलर आहे, त्याला यातलं काही कळत नाही. म्हणूनच सांगितलं. त्याने सगळं ऐकलं, तंबाखू मळली.

"हिवाळ्यात गेलता काय एखादा?"

"नाही. होळीनंतर सुरू झालं."

"हिवाळ्यात दिवे लावत नसतीन."

"लावत होते. अंधार तं लवकर पडे."

"मंग हिवाळ्यात काय लावत नव्हते?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो तंबाखू ओठात धरून रस्त्याकडे पाहत होता, जसं काही त्याने बसची वेळ विचारली.

कालपरवा आलेला शिकाऊ मुलगाही आधी पंखा चालू करून हलतो का ते पाहतो. हलणाऱ्या पंख्यात बल्ब टिकत नाही, तारेचा असो की एलईडीचा. हे मी गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगत आलो. मार्चपासून मी त्या स्टुलावर किती वेळा चढलो आणि एकदाही पंखा चालू करून पाहिला नाही. मैनाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

का पाहिला नाही, ते आज लिहीत नाही.

७ मे

दुपारी अंगावर पंखा खटखटत होता. पडल्या पडल्या ऐकत होतो. म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितल्यासारखे डोळे मिटले. मोटर ठीक. बेअरिंग ठीक. एक पातं जड जात होतं. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी दम लागल्यासारखं.

उठलो, स्टूल लावला, तिन्ही पाती उतरवली.

आमची एक रीत आहे. पाती तीन-तीनच्या जोडीने तोललेली असतात. एकाची पाती दुसऱ्याला लागू नयेत म्हणून मी पात्याच्या बुडाशी पंचने ठिपके ठोकतो. या खोलीच्या पंख्याला एक ठिपका, फुलांच्या पंख्याला दोन. लग्नाच्या धांदलीत मी दोन्ही पंख्यांची पाती अंगणात एकाच पाटावर धुतली, आणि दोन्हींना एकच चॉकलेटी रंग मारला. पंखा नवा दिसला पाहिजे, लेकीच्या सासरी जाणार आहे. भागीरथा नव्हती. ती असती तर म्हणाली असती, राहू द्या तसाच, बरा दिसते. रंगाखाली ठिपके बुजले.

चाकूने रंग खरवडला. एक ठिपका. एक ठिपका. दोन ठिपके.

म्हणजे लग्नापासून तिच्या घरचं एक पातं माझ्या डोक्यावर फिरतं आहे, आणि माझ्या घरचं तिच्या. दोन्ही घरचे पंखे अडखळत होते. दोन्ही ठिकाणी माझाच हात.

खाली बसलो आणि हसू आलं. मग हसू थांबलं.

८ मे

पातं वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "काका, लगनाची तलवार हाय काय? तिचं अर्धं तिकीट लागन."

"तिले बसाले जागा दे आधी," मी म्हटलं. "मी उभा राह्यतो."

नेरला पोचल्यावर आधी पंखा चालू करायला लावला. टीव्ही बंद करायला सांगितला. बैठकीत सगळे गप्प उभे. दांडी वर घुमटापाशी बारीक डुलत होती आणि फुलं थरथरत होती. डोळ्यांना दिसेल एवढी. मी सांगितलं तसं रजतराव स्टुलावर चढले आणि त्यांनीच पाती उतरवली. चांगलं जमतं त्यांना. काचेची फुलंही त्यांनीच काढून दिपालीच्या हाती दिली, एकही फुटलं नाही. दिपालीने माझ्याकडे पाहिलं नाही.

पातं बदललं, चालू केलं. सगळ्यांनी वर पाहिलं. मी पाहिलं नाही. नुसता वारा होता. आणखी कसलाच आवाज नव्हता.

"आता बल्ब जाणार नाही?" मैनाबाईंनी विचारलं.

"नाही जाणार."

"मंग?"

"मंग काय?"

त्या आत गेल्या. चहा आला तो दिपालीच्या हाती. साखर नेहमीसारखीच होती, पण "मिस्त्रीचा" असं कोणी म्हणालं नाही. प्यालो.

त्यांच्याकडचं ते एक ठिपक्याचं पातं घेऊन परत आलो. माझ्या पंख्याला लावलं.

१९ मे

काल पाहुणे येऊन गेले. दिपालीने फोटो पाठवला. चारही फुलं लागलेली, खाली सलोनी खुर्चीत बसलेली, कानातलं चमकतं आहे. दिग्रसच्या बाईंनी म्हणे वर पाहून विचारलं, असा पंखा आता कुठे मिळतो. बबनराव म्हणाले, "मिळत नाही. आमच्या सुनेच्या आईचा हाय." पाहुण्यांचा होकार येईल असं दिसतं. रिमोटच्या पंख्याचं रद्द केलं, असंही दिपालीने सांगितलं.

हे वाचायला भागीरथा पाहिजे होती. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं असतं.

२५ मे

काही नाही.

२९ मे

झोप लागत नाही दुपारची. पंखा फिरतो की नाही ते पाहायला डोळे उघडावे लागतात.

दुकानात आज एकाचा मिक्सर आला होता. दुरुस्त करून चालू केला आणि उगाच बराच वेळ चालू ठेवला.

३१ मे

आज एक गोष्ट आठवली, ती कधी आठवत नाही.

लग्नानंतर भागीरथाचे वडील दारव्ह्याला यायचे. कापसाच्या गाडीबरोबर, हंगामात. बाजार समितीचं काम झालं की आमच्या घरासमोर रस्त्यापलीकडे निंबाखाली बसायचे. घरात यायचे नाहीत, त्यांचाही तोच नेम. सोबत त्यांचा तांब्या असायचा. मी तरुण होतो, मला गंमत वाटायची. बाहेर जाऊन म्हणायचो, "मामा, आत पंखा हाय, या ना." ते हसायचे. "बरं हाय इथं." थोडा वेळ बसायचे, खिडकीकडे पाहायचे, उठायचे.

ते आले की भागीरथा तवा ठेवायची. दोन बाट्या जास्त टाकायची. बाटी म्हणजे आमची ज्वारीची भाकर. ते गेले की त्या दोन बाट्या ती स्वतः खायची. भूक नसली तरी. मी एकदा ताटात मागितल्या तर म्हणाली, "त्या तुमच्या नाहीत."

दिपाली व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात तिचे वडील वारले. नेम सुटायला थोडंच राहिलं होतं.

याडीने नेम कशासाठी केला असेल ते मला कळतं. गरिबी होती, लेकीच्या घरी बापाचं तोंड पोसायला नको. कोणाच्या तरी घरची चूल ओढली जायला नको. पण ज्या घरात साखर जास्त पडते त्या घरी हा नेम कोणाला वाचवतो, ते मी आज दिवसभर शोधलं. सापडलं नाही.

२ जून

डोमाजीला म्हटलं, नेरला जाऊन यावं म्हणतो.

"बल्ब गेला काय?"

"नाही."

"मंग काय सांगशीन?"

"तेच तं सुचत नाही."

त्याने मशीन थांबवली. दोरा तोडला. "मह्या पोरीकडं मी दर महिन्याले जातो," म्हणाला, "चंद्रपूरले. आजवर कोणी कारण विचारलं नाही. मले वाटते, आपणच आपल्याले विचारतो."

मग म्हणाला, "सदरा मळका हाय तुहा. तो घालून जाऊ नको. परवा नवा शिवून देतो."

४ जून

नवा सदरा घालून गेलो. हातात काही नव्हतं. हत्यारांच्या पिशवीशिवाय एसटीत हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

मैनाबाई ओसरीत लसूण सोलत होत्या. मला पाहून उठल्या, माझ्या हातांकडे पाहिलं, मग दारातून आत बैठकीतल्या पंख्याकडे.

"काय बिघडलं, इवाई?"

"काही नाही बिघडलं."

"मंग?"

"मंग काही नाही. आलो."

मला वाटलं, मिक्सरनंतरचं वाक्य आता येतं. आलंही. "मले तं वाटे," त्या म्हणाल्या, "आमच्या हातचं पाणी या माणसाले गोडच लागत नसन. रोज सुनेले विचारत होती मी, काय कमी पडते म्हणून." त्यांनी पदराने डोळ्याचं टोक पुसलं. लसणाचं असेल. मग आत तोंड करून हाक मारली, "दिपाली, ताट कर वं."

दिपाली दारात आली. आधी पाणी आणलं. पेल्याला तिच्या हाताची ओल होती. मी प्यालो. सगळा पेला.

पाट टाकला, ताट आलं. बाटी, तुरीच्या डाळीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, कांदा. बबनराव समोर बसले. मैनाबाई वाढायला वाकल्या, वाढता वाढता थांबल्या आणि हसू दाबून म्हणाल्या, "हे मिस्त्रीचं जेवण की इवायाचं?"

मी पहिला घास मोडला होता. "दिपालीच्या बापाचं," म्हटलं.

जेवलो. वरणात मीठ तिच्या आईसारखंच थोडं जास्त होतं. दोन बाट्या झाल्या, मी हात आडवा धरला. दिपालीने तो हात बाजूला केला आणि तिसरी वाढली.